लग्नाचे छायाचित्र : कोणाचा दस्तऐवज?

लग्नातील फोटोंवर वाङ्मय आणि समाजचिंतनाच्या त्रैमासिकात लिहावे काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. कवितासंग्रह, आत्मकथन, नाटक यांची समीक्षा आपल्या परिचयाची आहे. लग्नाचा अल्बम समीक्षेचा विषय कसा होतो? माझे म्हणणे असे की आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत पुस्तकांची फळी नसते, पण लग्नाचा अल्बम असतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवलेला असतो. पाहुणा आला की बाहेर निघतो आणि एकेका माणसावर बोट ठेवून वाचला जातो : ही तुझी आत्या, हा सटवा मामा, पुढच्याच पावसाळ्यात गेला. ज्यांना शतकानुशतके लिहू दिले नाही त्यांनी स्वतःविषयी जपून ठेवलेला हा ग्रंथ आहे. त्याची समीक्षा प्रस्थापित समीक्षक करणार नाहीत. ती आपण केली पाहिजे.

मी बोलतो आहे पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्याविषयी. पश्चिम रेल्वेवरची ही गावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा तोडून पालघर हा वेगळा जिल्हा झाला. तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढत गेली. पूर्वेला डोंगरात वारली, कातकरी, मल्हारकोळी. किनाऱ्याला मांगेला, वैती. मधल्या चाळींत उत्तर प्रदेश-बिहारपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत कुठून कुठून आलेले कामगार, आणि त्यांच्यात आपले बौद्ध बांधव. या सगळ्यांची लग्ने होतात आणि सगळ्यांच्या लग्नात आता कॅमेरा असतो. फोटोवाल्यांच्या जाहिरातींत अलीकडे दोन शब्द हमखास दिसतात : 'डॉक्युमेंटरी' आणि 'आर्टिस्टिक'. पहिल्याला 'कॅन्डिड' असेही म्हणतात. त्याचा दावा असा की छायाचित्रकार मध्ये पडत नाही, जे घडते ते घडते तसे टिपतो. दुसऱ्यात प्रकाश, पोशाख, जागा यांची रचना करून चित्रासारखे चित्र घेतले जाते. केळव्याची वाळू, सुरूची बने, शिरगावचा किल्ला हे त्याचे नेहमीचे नेपथ्य. म्हणजे एकाकडे सत्य आणि दुसऱ्याकडे सौंदर्य, अशी ही वाटणी आहे. ती मला मान्य नाही. दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच आहे : हे चित्र कोणाच्या सांगण्यावरून निघाले?

याच मुलखात लग्नाचे चित्र काढण्याची एक रीत कॅमेऱ्याच्या फार आधीपासून आहे, हे आमचे कलासमीक्षक विसरले नाहीत. पण त्यांनी ते भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवले. वारल्यांच्या घरी लग्न असले की कुडाची भिंत सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. काढतात म्हणण्यापेक्षा लिहितात. वारली लोक चौक 'लिहिला' असेच म्हणतात. लिहिणाऱ्या सवाशिणी असतात. मधोमध पालघट देवी, तिच्याभोवती चौकट, चौकटीबाहेर झाडे, माणसे, जनावरे, तारप्याभोवतीचा नाच. लग्न लावणारी धवलेरी हीही बाईच. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि या लग्नचित्रात नवरानवरीचा चेहरा नसतो! त्रिकोणांच्या त्या माणसांत अमका अमका असे ओळखून काढता येत नाही. कोणाचे लग्न झाले हे ते चित्र सांगत नाही. लग्न कोणत्या जगात झाले हे सांगते. झाड, वाघ, शेत, नाच हे सारे लग्नाला हजर होते, याचा तो लेख आहे. पुढे भिंत पुन्हा सारवली की तो लेख जातो, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा लिहिला जातो.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या मुलखात आले. त्यांनी कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली ते वारले. म्हसे मोठे कलावंत होते, त्यात शंका नाही. एका वारली माणसाच्या हातातली काडी परदेशी कलादालनांत सन्मानाने पाहिली गेली, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण हेही ध्यानात घेतले पाहिजे की जोवर हे लिखाण भिंतीवर होते तोवर ते बायकांचे होते. कागदावर आले, त्याला किंमत आली, 'कला' हे नाव मिळाले, तेव्हा ते बहुतांशी पुरुषांच्या नावावर गेले. भिंती लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे कोणत्याही कॅटलॉगात नाहीत. आता तीच त्रिकोणी माणसे शहरातल्या लग्नपत्रिकांवर, मंडपाच्या पडद्यांवर नाचतात. ज्यांच्या लग्नाला वारली पाहुणा म्हणून कधी बोलावला जाणार नाही, त्यांच्या लग्नाला त्याचे चित्र मात्र हजर असते.

चौकाबद्दल इतके कौतुकाने लिहिणारे अभ्यासक त्याच मुलखातल्या दुसऱ्या एका शब्दापाशी थबकत नाहीत. तो शब्द 'लग्नगडी'. वारल्याला लग्न करायचे तर ताडी, तांदूळ, लुगडे यांसाठी पैसा लागे. तो जमीनदार-सावकार देई. त्या थोड्याशा कर्जापायी नवरा आणि त्याच्याबरोबर त्याची नवी बायको, दोघेही सावकाराच्या घरी राबायला बांधली जात, आणि ते कर्ज कधी फिटत नसे. बायकोवर मालकाचा हक्क कुठवर पोचे, हे गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १९४५ साली वारली उठले ते या वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. पाच माणसे मेली. जगात अनेक लढे जमिनीसाठी, मजुरीसाठी झाले. आपले लग्न आपले असावे म्हणून झालेला लढा मला दुसरा चटकन आठवत नाही. (वारल्यांचा प्रश्न आणि पूर्वास्पृश्यांचा प्रश्न एकच आहे असे मी म्हणत नाही. पण लग्नासारखी साधी गोष्टही आपल्या मर्जीने करता येऊ नये, हा अनुभव दोघांच्या ओळखीचा आहे.)

म्हणून या मातीत 'डॉक्युमेंटरी' हा शब्द ऐकला की मला त्याचा आपल्या भाषेतला प्रतिशब्द आठवतो : दस्तऐवज. गरिबाच्या आयुष्यातला दस्तऐवज म्हणजे काय? कर्जरोखा. अंगठा त्याचा, कागद सावकाराच्या पेटीत. त्यात काय लिहिले आहे ते अंगठेवाल्याला वाचता येत नाही. दस्तऐवज खरा असतोच, पण तो कोणाच्या बाजूने खरा असतो, हे पेटी कोणाची आहे त्यावर ठरते.

कॅमेराही या देशात आला तो असाच. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड इंग्रज सरकारच्या इंडिया ऑफिससाठी निघाले. त्यांत शेकडो छायाचित्रे आहेत आणि बहुतेकांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. माणूस नमुना म्हणून उभा केला गेला : असा बस, असा बघ, हातात तुझे हत्यार धर. या चित्रांना त्या काळी कोणी 'कृत्रिम' म्हटले नाही. ती शास्त्रीय माहिती होती, दस्तऐवज होता.

ही पार्श्वभूमी असलेल्या माणसाला जेव्हा स्वतःच्या पैशाने पहिला फोटो काढायची संधी मिळाली, तेव्हा तो कसा उभा राहिला? ताठ. हात गुडघ्यांवर, नजर सरळ भिंगात, चेहऱ्यावर हसू नाही. जुन्या स्टुडिओतले लग्नाचे फोटो पाहा. मागे रंगवलेला पडदा : बंगला, जिना, तळे, कमळे. नवऱ्याच्या अंगात कोट, कधी स्टुडिओतलाच, मनगटावर कधी दुसऱ्याचे घड्याळ. नवरी खुर्चीवर, नवरा तिच्यामागे उभा. आजचा 'कॅन्डिड'वाला तरुण या चित्रांना हसतो. म्हणतो, हे पोझ दिलेले आहे, यात जीव नाही, सहजता नाही.

सहजता! सहजपणे वावरणे हा कोणाचा अधिकार होता? गावच्या रस्त्यावरून जोडे हातात घेऊन चालणाऱ्याने कॅमेऱ्यापुढे सहज असावे, ही अपेक्षाच मुळात अभिजनांची आहे. ज्यांच्या घरी चार पिढ्या कॅमेरा आहे त्यांना 'नकळत' टिपले जाणे आवडते. त्यांना ठाऊक असते की नकळत टिपलेलाही त्यांचा चेहरा त्यांच्याविरुद्ध वापरला जाणार नाही. आपल्याला कायम नकळतच पाहिले गेले. म्हणून पोझ देणे, म्हणजे मी कसा दिसावा हे मी ठरवणे, हा खोटेपणा नव्हे. ते पहिले स्वातंत्र्य आहे. उसना कोट खोटा असेल, तो घालण्याची इच्छा खरी आहे, आणि चित्र त्या इच्छेचे आहे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून निसटलेला माणूस एकोणिसाव्या शतकातला सर्वाधिक छायाचित्रे निघालेला अमेरिकन ठरला. त्याने ती जाणूनबुजून काढून घेतली, आणि त्यांत तो जवळजवळ कधीच हसत नाही. कारण हसरा, समाधानी गुलाम हे गोऱ्यांचे लाडके चित्र होते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स व्हॅन डर झी याने काळ्या माणसांच्या लग्नाची छायाचित्रे काढली. रंगवलेल्या शेकोटीच्या पडद्यापुढे नवरानवरी, आणि १९२६ च्या एका चित्रात त्यांच्या पायाशी एक पुसटशी लहान मुलगी, दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलेली, अजून न जन्मलेली. याला कॅन्डिड म्हणाल की कृत्रिम? ज्यांच्या आजोबा-आजींना लग्नाचा कायदेशीर हक्क नव्हता, ज्यांची लेकरे बाजारात विकली गेली, त्यांनी आपल्या लग्नाच्या चित्रात आपले होणारे मूल आधीच बसवून घेतले. व्हॅन डर झीचे नाव कलाजगताला कळले ते १९६९ साली, न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात हार्लेमवरचे प्रदर्शन झाले तेव्हा. तोवर तो नुसता मोहल्ल्यातला फोटोवाला होता. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतही असे कोणी असतील. त्यांच्या निगेटिव्ह बहुधा ओल लागून गेल्या.

आता तंत्राकडे येऊ. तंत्र निष्पाप असते असे मानायची पद्धत आहे, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा चाळीतल्या लग्नाचा रंगीत फोटो घ्या. समोरून फ्लॅशचा भगभगीत उजेड. नवरीचे डोळे मिटलेले, नवऱ्याच्या कपाळावर चकाकी. छायाचित्र म्हणून सामान्य. पण भिंगाचे छिद्र लहान ठेवलेले असल्यामुळे पहिल्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत सारे स्पष्ट आहे. भिंतीवरचा चुना, ट्यूबलाइट, खिळ्याला टांगलेली पिशवी, पाण्याचे पिंप, दारात दाटलेली पोरे, त्यांच्यातल्या एकाच्या अंगात शाळेचा गणवेश, कारण दुसरा सदरा नाही. आणि मधोमध हार घातलेली बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर. आता आजचा 'डॉक्युमेंटरी' फोटो घ्या. महागडी लेन्स, मोठे छिद्र. नवरीच्या पापणीचा एकेक केस मोजावा इतका स्पष्ट आणि तिच्या मागे दोन हातांवरचे सारे काही लोण्यासारखे विरघळलेले. छायाचित्रकार याला गुण मानतो, गिऱ्हाइकही मानते. भिंत गेली. पिंप गेले. पोरे म्हणजे रंगाचे डाग. आणि तसबिरीच्या जागी एक निळसर ठिपका, तो कोणाचा होता हे पन्नास वर्षांनी कोणालाही सांगता येणार नाही.

मी याला केवळ आवडीनिवडीचा प्रश्न मानत नाही. वस्ती अंधुक केल्याशिवाय नवरी सुंदर दिसत नाही, हे त्या लेन्सचे सौंदर्यशास्त्र आहे. माणसाला त्याच्या परिसरातून उचलून काढायचे आणि मग म्हणायचे की मी घडले तसे टिपले! वारली सवाशीण नेमके उलट करीत होती. तिने चेहरे सोडले आणि परिसर लिहिला.

दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी जे नमुनाकार्ड पुरवी, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या बाईचे चित्र असे. तिची कातडी बरोबर आली म्हणजे रंग बरोबर. काळी माणसे फोटोत नुसती सावली होऊन जात याची तक्रार कित्येक आईबापांनी केली असेल. कंपनी हलली ती लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारींनी, कारण त्यांच्या मालाचा तपकिरी रंग नीट उठत नव्हता. आता फिल्म गेली, संगणक आला, आणि संगणकावर आपली लेक दोन छटा उजळ करून मिळते. न सांगता मिळते. जिच्या रंगावरून मुले पाहायला येऊन परत गेली, तिच्या लग्नाच्या अल्बममध्येही तिचा रंग नसावा, हे क्रौर्य आहे आणि त्याचे पैसे आपणच मोजतो.

सगळ्यांत गंभीर गोष्ट बौद्ध विवाहाची. बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, कर्डक यांना लिहिलेल्या पत्रात बौद्ध विवाहविधी कसा असावा ते सांगितले आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये स्टुलावर नवे मातीचे मडके, काठोकाठ पाणी भरलेले. त्यात बुडवलेल्या सुताचे एकेक टोक दोघांच्या हातात. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांचे कपडे पांढरे. इतकेच. याच्याआधी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली, स्थापनेच्या वर्षीच, भटाशिवाय लग्न लावले होते. म्हणजे लग्नातून पुरोहिताला काढणे हे आपल्या चळवळीचे जवळजवळ दीडशे वर्षांचे काम आहे.

बोईसरजवळच्या एका कामगार वस्तीत आमच्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न होते. बोधाचार्यांनी विधी नीट केला; त्याला फार तर अर्धा तास लागला. फोटोवाल्यांच्या दृष्टीने तेवढ्यात काही घडलेच नव्हते. पांढऱ्यावर पांढरे, त्यात काय उठणार? मग त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. हळद नव्हती, ती झाली. दुपट्ट्याची गाठ नव्हती, ती मारली गेली. फिरायला अग्नी नव्हता म्हणून थांबले, एवढेच. नवरीच्या चुलत्याने विचारले, "अरे बाबा, हे आपल्यात नसतं ना?" तर उत्तर आले, "काका, अल्बममध्ये पानं मोकळी राहतील." पांढरी साडी बदलून लाल शालू आला. बोधाचार्य एका बाजूला खुर्चीवर बसून होते, आणि मांडवातली सगळी माणसे कॅमेऱ्यामागच्या पोराच्या हुकमाने उठत-बसत होती. आत्या, जरा बाजूला व्हा. बाबा, पुन्हा एकदा रडा ना, मघाशी छान आलं होतं.

हा नवा भटजी आहे. मुहूर्त तोच काढतो, मावळतीच्या उजेडाचा. कोणी कुठे उभे राहायचे, कोणी कोणाच्या पाया पडायचे, हे तोच सांगतो. दक्षिणा आधी घेतो. त्याची पोथी म्हणजे त्याची शॉट्सची यादी, आणि ती यादी कोणत्या घरातल्या लग्नावरून तयार झाली हे सांगायला नको. बाबासाहेबांनी दारातून काढलेला विधी भिंगातून घरात येतो. पोरगा वाईट नसतो. बऱ्याचदा तोही आपल्यातलाच, बँकेचे कर्ज काढून कॅमेरा घेतलेला. त्याला यादी दिलेली आहे, दृष्टी दिलेली नाही. मग जबाबदारी त्याची की आपली? मडके, पाणी आणि सुताचा धागा यांत चित्र नाही असे ज्याला वाटते त्याने चित्रे पाहिलीच नाहीत, असे मी म्हणेन. काठोकाठ भरलेल्या मडक्यावर ताणलेले ओले सूत आणि त्याच्या दोन टोकांना दोन हात : यापेक्षा स्वच्छ रचना कोणत्या अकादमीत शिकवतात?

बाबासाहेबांच्या स्वतःच्या पहिल्या लग्नाचा फोटो आपण पाहिलेला नाही. ते लग्न भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री झाले. चरित्रकार धनंजय कीरांनी ते लिहिले आहे : शेडच्या एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्यात वधूकडची, बाजाराचे ओटे हीच बसायची बाके, पायाखालून गटाराचे पाणी. उजाडायच्या आत जागा मोकळी करायची. आजचा कलात्मक छायाचित्रकार तिथे असता तर त्याने रमाईच्या डोळ्यांवर नजर रोखली असती आणि गटार अंधुक केले असते. आपल्याला मात्र ते लग्न आठवते ते त्या गटारामुळे.

डॉक्युमेंटरी या शब्दाचा खरा मान राखणारी छायाचित्रे लग्नातही निघू शकतात. २०१८ च्या जुलै महिन्यात उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूर गावात एका दलित वराची वरात निघाली. ठाकुरांच्या वस्तीतून वरात नेऊ देणार नाही म्हणून महिनोन्महिने वाद चालला होता. शेवटी मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती निघाली. वर्तमानपत्रांत आलेल्या त्या चित्रांत वर आहे आणि त्याच्या अवतीभवती पोलीस आहेत. त्यात पार्श्वभूमी अंधुक करता येत नाही. केली तर चित्रातला अर्थच जाईल. मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे राहून छायाचित्रे काढणारे सुधारक ओलवे यांचे काम मला इथे आठवते. त्यांची ती चित्रे लग्नाची नाहीत. पण गटारात उतरलेल्या माणसाला परिसरासकट आणि तरीही माणूस म्हणून कसे दाखवावे, हे शिकायचे तर तिथे शिकता येईल.

तारापूरकडे पुन्हा येतो. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. घरे गेली, विहिरी गेल्या, अंगणे गेली. अशा गावातल्या घराचा फोटो मुद्दाम कोण काढून ठेवतो? घराचा फोटो काढायचे गरिबाला सुचत नाही. पण लग्नाचा फोटो अंगणात काढलेला असतो, आणि त्यात नवरानवरीच्या मागे ओटा, वासा, तुळई, शेजारच्या घराची कौले, माड असे सारे आपोआप आलेले असते. उठलेल्या गावाचा नकाशा सरकारी कार्यालयात आहे. उठलेले गाव कसे होते, ते अशा 'वाईट' फोटोंच्या मागच्या भागात आहे. पुढे कधी यांतल्या कोणी आपल्या नातवाला मूळ घर दाखवायचे ठरवले, तर तो नवरीच्या चेहऱ्याकडे बोट नेणार नाही, तिच्या खांद्यामागे नेईल. आजच्या अल्बममध्ये खांद्यामागे काय आहे?

आणखी एक प्रकार इथे दिसतो, त्याला कोणत्याच जाहिरातीत नाव नाही. डोंगरातल्या पाड्यांवर खर्च झेपत नाही म्हणून कितीतरी जोडपी लग्न न लावताच संसार करतात. पोरे होतात, वाढतात. मग कधीतरी सामूहिक विवाह सोहळा होतो आणि त्यात आईबाप, कधी तर त्यांच्याबरोबर त्यांचा वयात आलेला मुलगाही बोहल्यावर उभा राहतो. मुंडावळ्या बांधलेली, तीन लेकरांची आई असलेली नवरी! मराठी मध्यमवर्गाला हे चित्र विनोदी वाटेल. माझ्या दृष्टीने लग्न या विषयावरचे याहून प्रामाणिक चित्र सापडणे कठीण. परंतु या सोहळ्यांचे जे फोटो छापून येतात त्यांच्या मधोमध असतो पुढारी, आणि जोडपी त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत, नावाशिवाय. खाली मजकूर : इतक्या जोडप्यांचे विवाह संपन्न. 'द पीपल ऑफ इंडिया'चा नववा खंड म्हणावा तसा.

कागदालाही आता फोटो लागतो. विवाहनोंदणीच्या अर्जाबरोबर लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो मागतात. म्हणजे ज्याच्याकडे फोटो नाही त्याने लग्न झाल्याचे दुसरे काही पुरावे गोळा करीत बसायचे. तरुण मंडळी कर्ज काढून फोटोवाला ठरवतात त्याला नुसती हौस म्हणून हिणवणे मला पटत नाही ते यामुळेही.

पण कर्ज ते कर्जच. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपली, कागदावर संपली. याच मुलखात वसईकडे विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेला १९८२ पासून पुढे वेठबिगार सोडवावे लागले. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतात, आणि त्या उचलीचे एक नेहमीचे कारण लग्न हे असते. सावकाराच्या वाड्याच्या जागी भट्टी आली. चाळीतल्या कामगाराची उचल भट्टीवर नाही, ठेकेदाराकडे किंवा बचत गटाच्या नावाखाली व्याज घेणाऱ्याकडे असते. या खर्चात फोटोचा वाटा वाढतो आहे, हे कोणत्याही घरी विचारावे. उरलेले पैसे मिळेपर्यंत अल्बम स्टुडिओतच राहतो. काही अल्बम वर्षानुवर्षे तसेच पडून असतात. लग्न यांचे, चेहरे यांचे, आणि दस्तऐवज दुसऱ्याच्या कपाटात.

फोटोवाल्या पोरांना मी काही सांगू गेलो तर ती म्हणतात, काका, मग आम्ही करायचे तरी काय? माझे मागणे थोडे आहे. छिद्र थोडे लहान ठेवा. भिंत दिसू द्या. रंग उजळवू नका. मडक्याचे आणि सुताचे चित्र आधी काढा, शालूचे नंतर. नवरीला एकदा विचारा की तुला कुठे आणि कोणाबरोबर उभे राहायचे आहे. ती बहुधा अजून कोणी विचारलेले नाही म्हणून गप्प असते. आणि अल्बमच्या शेवटच्या पानावर, जिथे स्टुडिओचे नाव आणि फोन नंबर छापलेला असतो, तिथे नावे छापा : चुलीवर भात कोणी रांधला, भांडी कोणी घासली, बाजा कोणी वाजवला, मांडव कोणी घातला. जागा उरली तर पैसे कोणाकडून आणले आणि किती, तेही. ही शेवटची नोंद छापून घ्यायला कोणाही घरचा बाप तयार होईल असे मला वाटत नाही. पण तो कोरा अल्बम हातात घेऊन मनातल्या मनात तो आकडा मोजतोच.